काठ फाटू नये म्हणून

भालेराव मिस्त्री कुणाच्या घरी गेले की आधी भांड्यांना भेटायचे आणि मग माणसांना. पाण्याचा तांब्या पुढं केला की त्यांचा अंगठा आधी तांब्याच्या काठावरून एक फेरी मारून यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बूड बघायला म्हणून त्यांनी तांब्या उलटा केला. आत पाणी होतं, हे त्यांना विजार भिजल्यावर कळलं. निमोण्याला एका लग्नात पंगत बसली असताना हे आचाऱ्याच्या मागं जाऊन पातेल्यांच्या कडा चाचपत होते. जेवणात खोट काढायला आलेला वरपक्षाचा माणूस तो हाच, असं समजून नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला.

"काय कमी पडलं का, पाव्हणं?"

"कमी काय न्हाई. ह्या झाकणाचा काठ फाटलाय. वाढप्याचा हात कापंल."

नवरीच्या बापाच्या जिवात जीव आला. असल्या तक्रारीची त्याला सवय नव्हती. मला मात्र पुढं बारा वर्षांत ती झाली.

शिरूरला, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या घोडनदीला, मिशनच्या आवारात एक लहानशी औद्योगिक शाळा होती. तिथं मी ड्रॉइंग शिकवायचो आणि मिस्त्री पत्राकाम. मी कागदावर काढलेली वस्तू पत्र्यात उतरत नाही, हे मला रोज दाखवून देणं हाच आमच्या स्नेहाचा पाया. त्याआधी वीसेक वर्षं ते दौंडला रेल्वेत होते. सिग्नलचे दिवे, तेलाचे डबे, नरसाळी, असलं काम. रेल्वेचा खाकी कोट ते अजून वापरायचे, पण पितळी बटणं नोकरी सोडतानाच कापून परत केली होती. ती कुणी मागितली नव्हती. कोट त्यानंतर कायम सेफ्टी पिनांवर चालला.

बायको, राहेलबाई, दौंडच्या क्वार्टरमध्येच गेली. मुलगी सोलापूरकडं एका दवाखान्यात नर्स होती. नाताळात दोन दिवस यायची, तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत. मिस्त्री स्वतः भाकरी करायचे. खायचे दोन, पण पीठ मळायचे तिघांचं, आणि उरलेला गोळा दारात येणाऱ्या गाईला घालायचे. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "हाताला माप बसलंय, मास्तर. डोक्यानं सांगून ऐकत न्हाई."

त्यांच्या शेडमध्ये एका भिंतीवर ओळीनं खिळे मारलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक फाटलेला पत्रा टांगलेला होता. त्याचं कारण समजायला थोडं पत्राकाम समजून घ्यावं लागतं. कंदिलाची किंवा कॅनची मान बसवायची, तर आधी पत्र्याला भोक पाडतात आणि मग त्या भोकाचा काठ हत्यारानं वर ओढून उभी गळपट्टी काढतात. काठ वर येतो तसा लांबतो. त्याच्या अंगातलं लांबणं संपलं की चीर पडते. ज्या विद्यार्थ्याच्या हातून चीर पडली, त्यानं पत्र्यावर खिळ्यानं आपलं नाव कोरायचं आणि तुकडा भिंतीला टांगायचा, असा तिथला नियम होता. पहिल्या खिळ्यावर मिस्त्रींचा स्वतःचा तुकडा होता.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी व्हरांड्यात टेबल मांडून चकचकीत कंदील आणि किटल्या लावल्या होत्या. त्यांच्यामागं मेणकापडावर माझ्याच हातची कमळं होती. साहेब चुकून उलट्या बाजूनं आले आणि थेट शेडमध्ये शिरले.

"हे काय आहे?"

"फाटलेलं हाय, साहेब."

"ते दिसतंय. भिंतीला कशाला लावलंय?"

"चांगलं झालेलं गिऱ्हाईक घेऊन जातं. शिकायला आमच्याकडं हेच उरतं."

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'पत्राकाम विभागाची स्वच्छता असमाधानकारक.' माझ्या कमळांचं कौतुक होतं.

मिस्त्रींची शिकवण्याची एक विचित्र तऱ्हा होती. विचारल्याशिवाय ते काही सांगत नसत. मुलगा समोर चुकतो आहे, दोन ठोक्यांनी काठ फाटणार आहे, तरी हे शांतपणे विडी ओढत बसणार. हे मूळ दौंडचं. तरुणपणी त्यांनी तिथल्या फोरमनला आपणहून त्याची चूक दाखवली होती. चूक खरी निघाली आणि फोरमननं यांना महिनाभर कोळसा उपसायला लावलं. "न विचारता सांगितलं की माणसाला आवाज ऐकू येतो, बोलणं ऐकू येत न्हाई," असं ते म्हणायचे.

म्हणून केंदूरचा दत्तू त्यांना आवडला असावा. मॅट्रिकला दोनदा आपटून, मिसरूड फुटल्यावर तो आमच्याकडं आला होता. त्याची पहिली गळपट्टी तीन जागी फाटली. बाकीचे अशा वेळी विचारत, "आता काय करू?" दत्तूनं विचारलं, "का फाटलं?" मिस्त्रींनी विडी विझवली. मी त्यांना अर्धी विडी विझवताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग त्या दोघांचं जे सुरू झालं त्याला शिकवणं म्हणता येणार नाही. ती भांडणं होती. दत्तू म्हणायचा पत्रा खराब, मिस्त्री म्हणायचे हत्यार खराब. "पत्रा बिचारा आपणहून फाटत न्हाई रं. त्याला एकदम वडलं की तो फाटतो. नाक बघ तुझ्या हत्याराचं, बुलडॉगसारखं हाय." दत्तू तिथंच रात्रीचं जेवायला लागला. त्या तीन वर्षांत मिस्त्रींकडं पीठ उरत नव्हतं. गाय सवयीनं दारात यायची, थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. दत्तू गळपट्टी न फाडता काढायला लागला, तेव्हा मिस्त्री मला म्हणाले, "पोरीनं दवाखाना धरला. हत्यारं आता ह्याला देईन." एवढं मोठं वाक्य ते एरवी मिशनच्या देवळातसुद्धा बोलत नसत.

त्याच सुमारास दौंडला एका सहकारी संस्थेनं दुधाच्या कॅन बनवायचा कारखाना काढला. चेअरमन मोठे उमदे गृहस्थ होते. त्यांच्या फेट्याला त्यांच्याआधी नमस्कार करावा लागे. दत्तूला तिथं फोरमनची जागा मिळाली. मिस्त्रींनी त्याला स्वतःची कानस दिली आणि बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले.

दसऱ्याच्या आसपास उद्घाटन झालं. मंत्री आले होते. आम्हा दोघांना आमंत्रण होतं आणि तिसऱ्या रांगेत खुर्च्या होत्या. मुंबईहून आणलेली पत्रा दाबायची प्रेस झेंडूच्या माळांत बुडाली होती. तिचा पंच, म्हणजे भोकात घुसून काठ वर ढकलणारा पोलादी ठोकळा, पूजेसाठी पाटावर ठेवला होता. कार्यक्रमाआधी दत्तू आम्हाला सगळं दाखवत होता. अंगात नवा बुशकोट, एका बाजूला चेअरमन, दुसऱ्या बाजूला मुंबईचे इंजिनियर. मिस्त्रींचा अंगठा त्या पंचावरून फिरला आणि थांबला.

"दत्तू, ह्याचं नाक चपटं हाय. कडंला कोनबी हाय. काठ एकदम ताणला जाईल. घासून निमुळतं करून घे."

बारा वर्षांत त्यांनी चुकणाऱ्याला, त्यानं न विचारता, सांगितलेली ही एकच गोष्ट.

दत्तूनं चेअरमनकडं पाहिलं, इंजिनियरकडं पाहिलं आणि हसला. "मिस्त्री, आता हे ठोकायचं काम न्हाई ऱ्हायलं. प्रेस हाय ही. पत्र्याला विचारतंय कोण?"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, पण थोडे उशिरा. मग मंत्र्यांनी पंचाला कुंकू लावलं, फोटो निघाला, आणि देशाला पोलादी मनगटांची गरज असल्याबद्दल पाऊण तास भाषण झालं. परतीच्या बसमध्ये मिस्त्रींनी समोरच्या सीटच्या दांडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बुशकोट शोभतो त्याला."

त्यानंतर दत्तू घोडनदीला आला नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला. गाईला पुन्हा पीठ मिळायला लागलं.

उन्हाळ्यात मी बहिणीला गाडीत बसवायला दौंडला गेलो आणि वाकडी वाट करून कारखान्यात डोकावलो. मागच्या अंगणात कॅनच्या खांद्यांचा ढीग पडला होता. खांदा म्हणजे कॅनचा वरचा घुमट, ज्याला मान बसते तो. प्रत्येकाची गळपट्टी फाटलेली. दत्तू वाळला होता.

"निम्मे असेच जातात, मास्तर. बारकी चीर असंल तर कथलाचा डाग देऊन चालवतो. मग त्या गळत्यात. परवा दोन गावचं दूध नासलं. इंजिनियर म्हणतो, पत्रा चांगलाय, फोरमनचा हात चांगला न्हाई. चेअरमननं ह्या महिन्याअखेरपर्यंत मुदत दिलीया. न्हाईतर घरी."

"पंचाला कानस लाव."

"लावणार हुतो. चेअरमन म्हणला, मंत्र्यांच्या हातचं कुंकू हाय त्याच्यावर. हात लाव, आन् आजच जा."

हे अगदी आमच्याकडचंच होतं. हत्याराची पूजा झाली की ते चुकू शकत नाही.

"मिस्त्रींना विचार मग."

दत्तू जमिनीकडं बघत राहिला. "कोणत्या तोंडानं विचारू?"

मी ढिगातला एक खांदा पिशवीत घातला आणि तो शेडमध्ये मिस्त्रींपुढं ठेवला. त्यांनी तो उन्हात धरला.

"दत्तूनं दिला?"

"नाही. मी उचलला."

"त्यानं काय विचारलं का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही," मी म्हणालो.

तो खांदा तीन दिवस त्यांच्या ठोकळ्यावर तसाच पडून होता. चौथ्या दिवशी ड्रॉइंगच्या तासाला मला लेथचा आवाज आला. मधल्या सुट्टीत गेलो, तर मिस्त्रींच्या पुढं तीन पोलादी हत्यारं उभी होती. एक चपट्या नाकाचं, दौंडच्या पंचाची हुबेहूब नक्कल. एक चेंडूसारखं गोल. तिसरं भोवऱ्यासारखं निमुळतं, लांब, गुळगुळीत. एकाच पत्र्याचे तुकडे, एकाच मापाची भोकं.

"चुका दोन हायत, मास्तर," ते म्हणाले. मी विचारलं होतं म्हणून नव्हे, पण मी समोर होतो. "भोक पाडलं की मागच्या बाजूला खरबरीत कड उठती. दात म्हणतो मी त्याला. ह्यांनी दात बाहेर ठेवले. काठ उभा ऱ्हाताना बाहेरची बाजू जास्त ताणती, आन् चीर दातापासनंच सुरू हुती. दात हत्याराकडं ठेवले तर निम्मं काम झालं. आता नाक बघा."

त्यांनी स्क्रूच्या दाबयंत्रात एकेक हत्यार उतरवलं. चपटं नाक भोकाच्या काठाला सगळीकडून एकदम भिडलं, काठ थोडा उठला आणि टचकन फाटला. गोल नाकानं त्याच्या बरंच पुढं मजल मारली आणि मग बारीक चीर दिली. निमुळतं हळूहळू शिरत राहिलं, आणि काठ रुंदावत गेला, रुंदावत गेला. मिस्त्री दांडा फिरवायचे थांबले तेव्हाही तो फाटला नव्हता.

"ताणलाय तो त्यांच्यापेक्षा जास्त," ते म्हणाले. "पण त्याला कळू दिलं न्हाई."

पुढचे दोन दिवस त्यांनी दौंडच्या प्रेसच्या मापाचा निमुळता पंच केला. माप त्यांनी कधी घेतलं विचारलं, तर म्हणाले, "त्या दिवशी अंगठा फिरवला न्हवता का?" पोलादाला पाणी देताना त्यांनी मला शेडबाहेर उभं केलं, कारण मी बडबड करतो आणि तापलेल्या पोलादाचा रंग ओळखायचा चुकतो. मग पंच तरटात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"हे त्याला द्या. माझं नाव नको."

"मग कुणाचं सांगू?"

"मुंबईहून आलंय म्हणा. घोडनदीचं कोण लावंल त्या प्रेसला?"

पदांचा आणि फेट्यांचा फोलपणा मला कळतो, असा माझा समज होता. मिस्त्रींना तो माझ्यापेक्षा जास्त कळत होता आणि ते त्याचा उपयोगही करू शकत होते.

मी दौंडला गेलो तेव्हा चेअरमन तिथंच होते. मुंबई म्हटल्यावर त्यांनी लगेच नारळ मागवला. दत्तूनं तरट सोडलं, पंच हातात घेतला, त्याच्या उतारावरून अंगठा वरून खाली नेला.

"मुंबईचं?"

"मुंबईचं," मी म्हणालो. "आणि दात हत्याराच्या बाजूला ठेवायला सांगितलंय."

दात हा शब्द आमच्या शेडबाहेर जगात कुठं नव्हता. दत्तूनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग "बरं" म्हणाला आणि प्रेसकडं वळला.

कॅन फाटायच्या थांबल्या. दत्तूची नोकरी राहिली. संस्थेच्या वार्षिक सभेत चेअरमननी मुंबईच्या तंत्रज्ञानाचे आभार मानले. फोरमन म्हणून दत्तूही दोन शब्द बोलला, आणि त्यानंही मुंबईचेच आभार मानले, असं मला दौंडच्या एका शिक्षकानं सांगितलं. मी ते मिस्त्रींना सांगितलं नाही. पंच कसा चालला हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. ते त्यांना माहीत होतं. दर सोमवारी ते एवढंच विचारायचे, "दौंडकडनं कोण आलं हुतं का?"

वर्षभरानं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शाळेनंही पत्राकाम बंद करायचं ठरवलं. मुलांना आता मोटारी दुरुस्त करायच्या होत्या. मुलगी पत्र लिहून बोलावत होती. मिस्त्री जायला निघाले, आणि त्यांना गाडीत बसवून द्यायला मी बरोबर गेलो.

दौंडला आम्ही दुपारी पोचलो. गाडी पाचच्या सुमाराला होती. मिस्त्री प्लॅटफॉर्मवर ट्रंकेवर बसले.

"मी जरा कारखान्याकडं जाऊन येतो," मी म्हणालो. "येताय?"

"कामाच्या वेळंला कशाला? तुमचं काम असंल तर जावा."

माझं काय काम असणार, हे दोघांनाही माहीत होतं. दत्तू प्रेसजवळ होता. मी सांगितलं, मिस्त्री चाललेत, कायमचे, पाचच्या गाडीनं. तो चिंध्यांनी हात पुसत होता. मी निघेपर्यंत पुसतच राहिला.

"येतो म्हणावं," तो म्हणाला.

मी परत येऊन सांगितलं, "येतो म्हणाला." मिस्त्रींनी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले, आणि कोटाची एक उघडी पिन नीट लावली.

गाडी आली. दौंडला ती बराच वेळ थांबायची. इंजिन बदलायचं, पाणी भरायचं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात रेटारेटी करून मी मिस्त्रींना खिडकीजवळ जागा मिळवून दिली. बसल्याबरोबर त्यांनी खिशातला मोठा चौकड्यांचा रुमाल काढला आणि शेजारच्या जागेवर पसरला. गर्दीतला एक धिप्पाड माणूस गठुडं घेऊन पुढं आला.

"माणूस हाय का हितं?"

"येतोय."

"कवा येणार? गाडी सुटंल की!"

"येतोय म्हणलं न्हवं का."

"म्हाताऱ्या, जागा काय बापाची हाय व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं. मिस्त्रींनी तळहात रुमालावर ठेवला.

दहा मिनिटं गेली. मी खिडकीतून हळूच म्हणालो, "मिस्त्री, उचला आता. त्याला काही तुमच्याबरोबर यायचं नाही."

"ते कळतंय मला," ते म्हणाले. "पण बसंल की दोन मिनटं. उभ्या उभ्या काय बोलणं हुतंय?"

इंजिन लागल्याचा धक्का बसला. गार्डची शिट्टी झाली. मी हात जोडले. त्यांनी माझ्या मागं, फाटकाच्या बाजूला पाहत हात जोडले. मी मागं सरकलो, आणि चहाच्या गाड्याआड मला दत्तू दिसला. अंगावर कामाचेच कपडे, हात मात्र स्वच्छ.

"अरे, कधी आलास?"

"गाडी यायच्या आधी."

"मग जा की! तुझ्यासाठी जागा धरून बसलेत ते!"

"दिसतंय, मास्तर." तो हलला नाही. "सभेत मी सगळ्यांम्होरं मुंबईचं म्हणलो. काय सांगू जाऊन?"

गाडी हलली. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. तो दोन पावलं आला आणि थांबला. डबा आमच्या समोरून गेला, इतका जवळून की हात लांबवला असता तर गजाला लागला असता. मिस्त्री मान वळवून फाटकाकडंच बघत होते. त्या डोळ्यांना आता फाटकही दिसत नसणार. शेजारी रुमाल तसाच पसरलेला होता, त्यावर त्यांचा हात होता, आणि तो धिप्पाड माणूस गठुडं कवटाळून उभा होता.